अठरा हजारांची रोड बाइक आणि पंचेचाळीस हजारांचं कोटेशन

माझ्या भाच्याने ओळखीतल्या एकाची वापरलेली रोड बाइक अठरा हजारांना घेतली. नवी असताना ती तीस हजारांच्या आसपास मिळायची. अॅल्युमिनियमची ६०६१ फ्रेम, स्टीलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानो कंपनीचा टूर्नी हा २×७ गिअरसेट, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आट्यांवर बसणारं १४ ते २८ दात्यांच्या सात चकत्यांचं फ्रीव्हील, रिमवर दाबणारे ब्रेक, ७००×२५ चे (२५ मि.मी. रुंदीचे) टायर. वजन अकरा किलोच्या घरात. आपल्याकडे पहिली रोड बाइक म्हणून ज्या घेतल्या जातात त्यांतल्या बऱ्याच याच साच्यातल्या असतात आणि त्यांच्या मालकांचे प्रश्नही साधारण हेच असतात. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडतोय.

भाचा सिंहगड रोडला राहतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे सिंहगड घाट, आणि हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम करायची इच्छा. बीआरएम ही शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, बाहेरची मदत न घेता पूर्ण करायचं. २०० साठी साडेतेरा तास मिळतात. दोन-तीन महिने सायकल चालवल्यावर त्याच्या तक्रारी जमल्या. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. मान धरते. पंक्चर सारखं होतं. उतारावर ब्रेक लागतो की नाही याची खात्री वाटत नाही. चढावर जोर दिला की चेन उडी मारते, आणि शेवटच्या तीव्र वळणांवर गिअरच उरत नाही.

हे सगळं घेऊन तो दुकानात गेला. तिथून कोटेशन मिळालं: शिमानोचाच वरच्या दर्जाचा, मागे आठ चकत्यांचा (८ स्पीड) क्लॅरिस ग्रुपसेट म्हणजे गिअरचा पूर्ण संच, दोन नवी चाकं (मागचं कॅसेटचं, म्हणजे चकत्या आट्यांऐवजी हबच्या दातेरी नळीवर सरकवायच्या), कार्बन फोर्क आणि मजुरी, मिळून पंचेचाळीस हजार. दुकानदाराने वावगं काही सांगितलं नव्हतं. ‘अपग्रेड करायचंय’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला अपग्रेडचाच भाव सांगितला. भाचा सायकल घेऊन माझ्याकडे आला, “मामा, एवढे घालू का? की ही विकून नवीन घेऊ?”

माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: आधी प्रत्येक तक्रार मोजून तिचं कारण शोधायचं आणि पैसे त्या कारणावर घालायचे. सहा तक्रारी होत्या. त्यांतली एकच गिअरसेटच्या दर्जाशी जोडता आली असती, आणि तीही पूर्णपणे नाही.

बसण्याची मापं

बधिर बोटांपासून सुरुवात केली, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही आणि फरक सगळ्यात मोठा. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं अॅप उघडून फोन सीटवर आडवा ठेवला. सीटचं टोक चांगलंच खाली झुकलेलं होतं. अशा सीटवर अंग सतत पुढे घसरतं, ते थोपवायला माणूस हात ताठ करतो, आणि सगळा भार तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर येतो. तिथूनच त्या दोन बोटांची नस जाते.

मग उंची. अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचं, मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं. त्याचं आलं ८१ सेंटीमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की बीबीच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं: ७१.५ सेंटीमीटर. सीट होती ६८ वर. हे सूत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण सुरुवात करायला पुरतं. साडेतीन सेंटीमीटर एका दिवसात चढवले तर गुडघ्यामागे दुखायला लागेल, म्हणून दर आठवड्याला थोडी थोडी वर घेतली. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर डुलायला नको, हे पाहत गेलो. शेवटी ७१ ला थांबलो.

सीट वर गेल्यावर हँडल आणखी खोल वाटायला लागलं. तेव्हा १०० मि.मी.चा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) काढून ८० चा लावला आणि त्याच्या वरच्या स्पेसरच्या कड्या खाली घेतल्या, म्हणजे हँडल जवळ आणि वर आलं. स्टेमला सात-आठशे रुपये गेले. बोटं बधिर व्हायची थांबली, मानही मोकळी झाली. जो भाग शरीराला टेकतो तो जागेवर नसेल तर लाख रुपयांच्या सायकलवरही माणूस अवघडूनच बसेल.

पंक्चर आणि हवा

पंक्चर झालेल्या ट्यूब त्याने फेकल्या नव्हत्या, हे फार बरं झालं. बादलीत बुडवून पाहिल्या तर भोकं रस्त्याच्या बाजूला नव्हतीच. सगळी आतल्या, रिमकडच्या अंगाला होती. टायर उतरवला. रिमवरची रबरी पट्टी सरकून स्पोकच्या दोन भोकांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. हवा भरली की ट्यूब त्या भोकात फुगते आणि कडेवर घासून फाटते. कितीही भारी टायर आणला असता तरी हे पंक्चर थांबलं नसतं. कापडी रिम टेप लावली, दोन्ही चाकांना मिळून दोन-तीनशे रुपये.

टायर मात्र बदलायचेच होते. मागच्याचा माथा सपाट होऊन कडांना बारीक चिरा पडल्या होत्या. २८ चे बसतील का, हे आधी तपासलं. फोर्क आणि ब्रेकखाली किती जागा उरते ते बघायला अॅलन की कामाला येते. २८ चा टायर उसना आणून लावला, पूर्ण हवा भरली आणि ४ मि.मी.ची की टायरवरून ब्रेकखाली सरकवली. ती न अडकता फिरली, म्हणजे बसतात.

हवेचा दाब हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. टायरच्या कडेला कमाल ११० पीएसआय छापलेलं, म्हणून तो नेमाने ११० भरत होता. छापलेला आकडा टायरची सहनशक्ती सांगतो. तेवढी हवा भरा असं तो सांगत नाही. आपल्या रस्त्यांवर इतक्या टणक टायरने सायकल पुढे जाण्याऐवजी उडत राहते, आणि दर उडीला लावलेली ताकद वाया जाते. भाचा ७४ किलोचा. २८ च्या टायरला पुढे ७० आणि मागे ८० पीएसआय ठेवले. पहिल्याच फेरीनंतर म्हणाला, “मामा, रस्ता नवीन केल्यासारखा वाटतोय.”

या सायकलींच्या ट्यूबना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. स्क्रू करून लावायचा पितळी अडॅप्टर काही दहा-वीस रुपयांत मिळतो. तो सीटखालच्या पिशवीत हवाच. हातपंप बिघडला तर सातारा रस्त्यावर शिरवळजवळच्या टायरवाल्याकडूनही हवा भरून घेता येते. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळू फिरवून ती तार काढली नाही, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

ब्रेक

ब्रेक रबरं कडक पडली होती आणि त्यांत रिमचे अॅल्युमिनियमचे चमकदार कण रुतले होते. असे कण ब्रेक कमी करतातच, शिवाय रिमही खरवडतात. शू-होल्डरसकट चांगल्या प्रतीची कार्ट्रिज पॅड घेतली, म्हणजे पुढच्या वेळी फक्त रबर बदलता येईल. केबल आणि आउटर (केबलवरची नळी) दोन्ही नवे टाकले. जुन्या आउटरमध्ये गंज होता आणि ब्रेक दाबल्यावर निम्मा जोर तिथेच अडत होता. पॅड बसवताना मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाची घडी धरून पुढचं टोक रिमला किंचित आधी टेकेल असं लावलं, की किंचाळत नाही. सगळं मिळून अठराशेच्या आसपास.

सिंहगडाच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, हेही समजावून सांगावं लागलं. रिम तापते. वळणाआधी जोरात, मग मोकळं, पुन्हा जोरात, असं उतरायचं.

चढ, चेन आणि गिअर

आता मुख्य मुद्दा. बारा इंची स्टीलची पट्टी घेतली. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की नव्या चेनमध्ये पुढच्या चोविसाव्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. एक सोळांश इंच पुढे गेला तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेला तर फ्रीव्हीलचे दातेही गेले असं धरावं. इथे पिन अष्टमांशाच्याही पुढे होती. नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर टाकून पाहिली, तर १६ आणि १८ दात्यांच्या चकत्यांवर जोर दिला की सटकत होती. म्हणजे उडी मारण्याचं कारण झीज. टूर्नी हलक्या दर्जाचा ग्रुपसेट आहे म्हणून हे होत नव्हतं. क्लॅरिसची चेन इतकी झिजवली असती तर तीही सटकलीच असती.

फ्रीव्हील बदलायचंच आहे, तर चढाचाही प्रश्न त्याच खर्चात सुटतो का ते पाहिलं. १४-२८ च्या शिमानो फ्रीव्हीलचे दाते १४-१६-१८-२०-२२-२४-२८ असे असतात, आणि १४-३४ चे १४-१६-१८-२०-२२-२४-३४. पहिले सहा तेच, फक्त शेवटचा मोठा. २४ वरून एकदम ३४ ही उडी सपाटीवर त्रासदायक, पण घाटात तो गिअर टाकला की माणूस त्याच गिअरवर राहतो, म्हणून चालते.

३४ दात्यांना लांब पिंजऱ्याचं डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) लागतं. इथे एक जुळणी कामाला येते. शिमानोचे १० स्पीडपर्यंतचे रोड शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे गिअर बदलायचे खटके (त्यांची टियाग्रा ४७०० मालिका सोडून), आणि ९ स्पीडपर्यंतची माउंटन बाइकची मागची डिरेल्युअर यांचं केबल ओढण्याचं प्रमाण सारखं असतं. म्हणून माउंटन बाइकचं अल्टस डिरेल्युअर टूर्नीच्या शिफ्टरवर नीट चालतं. त्याची क्षमता ४३ दात्यांच्या फरकाची; आपली गरज पुढे १६ (५० वजा ३४) आणि मागे २० (३४ वजा १४), मिळून ३६. फ्रीव्हील, डिरेल्युअर आणि चेन मिळून अडीच-तीन हजारांत काम झालं.

फ्रीव्हील काढताना मात्र घाम निघाला. चढावर पेडल मारून मारून ते स्वतःच हबवर आवळत जातं. दातेरी टूल, हाताएवढा लांब पान्हा, आणि चाक टायरसकट जमिनीवर उभं धरून पूर्ण वजन टाकलं तेव्हा कुठे आटे सुटले. बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावलं.

फरक आकड्यांत असा. चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे २.१ मीटर. दहा टक्के चढावर भाचा ताशी ७ किलोमीटरने जातो. ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८ दाते) त्यासाठी मिनिटाला पेडलचे ४५ फेरे पडत होते. ३४/३४ वर ५५ पडतात. ४५ ला गुडघ्यावर जोर येतो आणि उभं राहावंसं वाटतं, ५५ ला बसून श्वास सांभाळता येतो. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर तो आता उतरत नाही.

कार्बन फोर्कचं गणितही त्याला करून दाखवलं. ६०० मीटर उंची चढायची धरली, तर एक किलो वजन तेवढं वर न्यायला सुमारे ५,९०० ज्यूल लागतात. तो चढावर १७० वॉटच्या आसपास ताकद लावतो, म्हणजे एक किलो कमी झाल्यास सगळ्या घाटात ३५ सेकंद वाचतात. फोर्कने वजन कमी होणार अर्धा किलो. सतरा-अठरा सेकंदांसाठी आठ-नऊ हजार. त्याने फोर्कचा विषय पुन्हा काढला नाही.

वाकलेला एक्सल

पावसाळा संपता संपता मागचं चाक दर वेळी फ्रेममध्ये तिरकं बसायला लागलं. ब्रेक मध्यावर आणला की पुढच्या खेपेला पुन्हा एका बाजूला घासायचा. रिमला आउट (वाकडेपणा) नव्हता. चाक काढून एक्सल (हबमधून जाणारा दांडा) बोटांनी फिरवला, तर त्याचं उजवं टोक गोल गोल डुलत होतं.

फ्रीव्हीलच्या हबचा हा उपजत दोष आहे. उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, हबच्या कडेला असतात. तिथपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच भाग आधाराविना लोंबतो. चेनची ओढ आणि खड्ड्यांचे दणके त्याच भागावर येतात. कॅसेटच्या शिमानो हबमध्ये छर्रे फ्रीहबच्या (कॅसेट बसते त्या नळीच्या) बाहेरच्या टोकाला जातात, म्हणून तो एक्सल सहसा वाकत नाही. ७ स्पीडच्या फ्रीव्हीलवर वजनदार माणूस घाट चढत राहिला तर हे आज ना उद्या होतंच.

दोन-तीनशे रुपयांचा नवा एक्सल टाकता आला असता. पण तोही वाकणार होता, आणि दर वेळी हब उघडायचं. या सायकलवर थोडा मोठा खर्च करायचा तर तो इथेच, असं मला वाटलं. फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर मोजलं: १३० मि.मी., म्हणजे रोडचं चाक बसतं. १३५ असतं तर माउंटन किंवा हायब्रिडचं हब बघावं लागलं असतं. हे न मोजता चाक मागवणारे बरेच जण नंतर फ्रेम ताणत बसतात. अॅल्युमिनियमची फ्रेम ताणू नये.

पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडून डबल-वॉल रिम, ३२ स्पोक आणि फ्रीहबचं हब असं मागचं एकच चाक बांधून घेतलं. पुढच्याला काही झालं नव्हतं. काकांनी चाक देताना सगळे स्पोक बोटांनी छेडून आवाज ऐकवला, उजव्या बाजूचे सगळे एका सुरात. म्हणाले, “शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि परत आणा. स्पोक जागेवर बसले की एकदा आउट काढून देतो.” कारखान्यात मशीनवर बांधलेल्या स्वस्त चाकांचं हेच राहून जातं, पहिल्या काही फेऱ्यांनंतर कुणी ताण बघत नाही, आणि मग उजवीकडचे स्पोक एकेक करून तुटतात.

८-९-१० स्पीडच्या फ्रीहबवर ४.५ मि.मी.चा स्पेसर टाकला की ७ स्पीडची कॅसेट बसते. १२-३२ ची घेतली: १२-१४-१६-१८-२१-२६-३२. चोविसावरून चौतिसावर जाणारी ती मोठी उडी गेली, आणि सगळ्यात हलका गिअर ३४/३२ राहिला, जो त्याला पुरतो. शिफ्टर आणि डिरेल्युअर तेच. चाक आणि कॅसेटला साडेसहा हजार.

बीआरएम आणि हिशेब

जानेवारीत त्याने २०० ची बीआरएम केली. साताऱ्याच्या दिशेने जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला. येताना बोगद्याचा रस्ता. साडेतेरा तासांत २०० म्हणजे थांबे धरून ताशी १५ पेक्षाही कमी. या वेगाला सायकलचं वजन फारसं आड येत नाही. वेळ जातो तो पंक्चर काढण्यात, बधिर हात झटकण्यात आणि उगाच थांबण्यात. तो वेळेच्या साधारण दोन तास आधी पोचला. रात्रीच्या सुरुवातीला लागणारे दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट यांचा खर्च वेगळा, तो कुठल्याही सायकलला करावाच लागला असता.

टायर-ट्यूब, टेप, ब्रेक, स्टेम, गिअरचं सामान आणि चाक मिळून वर्षभरात पंधरा-सोळा हजार लागले. कोटेशन पंचेचाळीसचं होतं. ते त्या दिवशी मान्य केलं असतं तर सीट ६८ लाच राहिली असती, रिमची पट्टी लक्षात आली असती की नाही कोण जाणे, आणि अकरा किलोची सायकल साडेदहाची झाली असती. अशी सायकल पुढे विकायला काढली की गिऱ्हाईक तिच्या मूळ मॉडेलचा भाव करतं. आत घातलेल्या क्लॅरिसचे पैसे परत येत नाहीत. म्हणून खर्च करताना मी एक पाहतो: हा भाग पुढच्या सायकलवर नेता येईल का? टायर, पेडल, दिवे, सीट नेता येतात. कार्बन फोर्क आणि रिम ब्रेकची महागडी चाकं बहुतेक नेता येणार नाहीत, कारण पुढची सायकल डिस्क ब्रेकची असेल.

क्लॅरिसमुळे एक गोष्ट खरंच मिळाली असती, ती सांगायला हवी. टूर्नीच्या ए०७० शिफ्टरमध्ये जड गिअर टाकायचं बटण हूडच्या (ब्रेकच्या वरच्या मुठीच्या) आतल्या बाजूला, अंगठ्याखाली असतं. ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वळणावर) हात असताना ते गाठता येत नाही. उतारावर वाकून बसलेल्या माणसाला गिअर बदलायला हात वर आणावा लागतो. ही खरीखुरी कमतरता आहे, आणि वर्षभर चालवूनही भाच्याला ती खटकते. उजवा शिफ्टर जेव्हा खराब होईल तेव्हा ८ स्पीडचे क्लॅरिस शिफ्टर, कॅसेट आणि चेन घ्यायची असं ठरलंय. फ्रीहबचं चाक आधीच आहे आणि अल्टसचं डिरेल्युअरही ८ स्पीडला चालतं, म्हणून तेव्हाचा खर्च कोटेशनच्या निम्म्याहून बराच खाली राहील.

सध्या डाव्या पायाने जोर दिला की कट्कट आवाज येतोय. पेडल काढून ग्रीस लावून झालं (डावं पेडल उलट्या आट्याचं असतं), चेनरिंगचे (पुढच्या चकत्यांचे) बोल्ट आवळून झाले, सीटपोस्ट पुसून झाला. आता बीबी उरली. ती चौकोनी दांड्याची, ६८ मि.मी.ची साधी कार्ट्रिज आहे. दांड्याची लांबी जुनीवर छापलेली असते, तीच नवी आणायची. उजवा कप घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे भाच्याला सांगून ठेवलंय. या रविवारी तो स्वतः उघडणार आहे, मी फक्त शेजारी उभा राहणार.